दोन तोंडांचा एक ठसा

दातांच्या दवाखान्यात त्यांना सगळे चाळणीभाऊ म्हणत. दात काढणं, भरणं यातलं त्यांना ओ की ठो येत नसे. ते मागच्या खोलीत संगणकापुढे बसून दवाखान्याचा डेटाबेस सांभाळत. पण एकच गोष्ट दोनदा लिहिलेली दिसली की त्यांच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. ती दुसरी नोंद खोडल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही.

ही खोड घरीही यायची. एकदा स्वयंपाकघरात दोन सारख्या पळ्या दिसल्या, तर त्यातली एक त्यांनी उचलून बाजूला ठेवली.

"अहो, ती कुठे नेताय?" बायको म्हणाली.

"दोन कशाला? एकीनं काम होतंय."

"बरं. मग पलंगावर दोन सारख्या उशा आहेत, त्यातली एक काढते. तुम्ही डोकं फरशीवर ठेवा."

पळी जागेवर गेली. भाऊंना हे असं ऐकून घ्यावं लागे, कारण घर सासूबाईंचं होतं. लग्नानंतर थोडे दिवस म्हणून ते तिथे राहायला आले, आणि त्या थोड्या दिवसांत त्यांचे केस पांढरे झाले.

सासूबाई म्हणजे बस स्टँडचा आवाज. सगळी नोकरी त्यांनी माईकपुढे काढली. गावातल्या माणसांनी त्यांचं तोंड क्वचितच पाहिलं होतं, पण आवाज ऐकून लोक पिशव्या उचलत. त्या निवृत्त झाल्या आणि स्टँडवर स्वतःच्या नव्या भोंग्यासकट यंत्राचा आवाज आला. तो आवाज गोड होता, पण नको तिथे श्वास घ्यायचा. गाडी कुठली ते सांगायचा, मग इतका थांबायचा की फलाट ऐकेपर्यंत गाडी सुटलेली असे. इकडे सासूबाईंचा घसा रिकामा राहीना, म्हणून त्या घरातच घोषणा करत. "आंघोळीचं पाणी तापलेलं आहे. संबंधितांनी बाथरूमकडे प्रस्थान करावे." संबंधित म्हणजे जावई. टॉवेल खांद्यावर टाकून ते निमूट प्रस्थान करत.

प्रवाशांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा नव्या स्थानकप्रमुखांनी निरोप धाडला, की बाईंनी गुरुवारी येऊन आवाजाची चाचणी द्यावी. आवाज पूर्वीसारखा असेल तर सकाळचा माईक पुन्हा त्यांचा. नसेल तर यंत्र आहेच.

निरोप आला त्या दिवशी सासूबाई आरशासमोर उभ्या राहून नुसत्या हसत होत्या. त्या हसण्यात एकच उणीव होती. त्यांची कवळी आदल्या महिन्यात बेसिनमध्ये पडून दुभंगली होती आणि तोंडात एकही दात नव्हता.

"आई, दात माझ्याकडे लागले," चाळणीभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले. "मोफत तपासणीच्या दिवशी आमच्याकडे तुमचं माप घेतलंय ना? मांडणीवर तुमचा साचा ठेवलाय. एक शब्द टाकतो, चाचणीच्या आधी कवळी हजर."

"मधे मेणाचे दात लावून बघतात ना एकदा?" सासूबाईंनी नुसत्या हिरड्यांनी विचारलं.

"ते परक्या माणसांसाठी. घरच्यांना कशाला ती फेरी?"

इतक्या वर्षांत सासूबाईंनी त्यांच्याकडे प्रथमच असं पाहिलं, जणू ते खरोखरीच घरातले आहेत. आपल्या हातून या घरात काहीतरी होणार, या कल्पनेनं भाऊ रात्रभर चुळबुळत राहिले.

आता त्यांची ती सुप्रसिद्ध चाळणी काय होती, ते सांगायला हवं.

दवाखाने दोन होते, वरचा आणि खालचा. मालक एकच. दाताच्या मापाचे प्लास्टरचे साचे ठेवायची खोलीही एकच. तिथे लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर डबे, आणि प्रत्येक डब्यात एका माणसाचं तोंड, जबडा वासून बसलेलं. मांडण्यांना नंबर, डब्यांना नंबर. पण यादी मात्र दोन्ही दवाखाने आपापली ठेवत, म्हणजे एकच साचा दोनदा लिहिलेला. वरच्या दवाखान्यात माणसाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं शिस्तीत. खालच्या दवाखान्यातल्या कारकुनाला माणसं ओळखीनं आठवत, तो लिहायचा, "मावशी, बस स्टँडवाल्या", "जाड काका, हसरे", "मागच्या वेळी भांडलेले." मोठ्या डॉक्टरीणबाईंनी चाळणीभाऊंना सांगितलं, दोन्ही याद्यांची एक करा.

भाऊंनी नावांकडे पाहिलंच नाही. नावावर त्यांचा भरवसा नव्हता. मांडणीचा नंबर, डब्याचा नंबर आणि माप घेतल्याची तारीख हे तीन रकाने त्यांनी एकापुढे एक जोडले, आणि त्या जोडलेल्या मजकुराचा हॅश काढला.

हॅश म्हणजे काय ते त्यांनी घरी जेवताना समजावून सांगितलं होतं.

"असं समजा आई, एक गिरणी आहे. तीत काहीही टाका, एक अक्षर टाका की अख्खी पोथी टाका, बाहेर ठरावीक लांबीचा अक्षर-आकड्यांचा ठसा पडतो. तेच टाकलं की तोच ठसा. एक टिंब इकडचं तिकडे झालं की सगळा ठसा वेगळा. आणि ठशावरून आत काय टाकलं होतं ते काही केल्या कळत नाही."

"पीठ बघून दाणा सांगता येत नाही, तसं," सासूबाई म्हणाल्या.

"बरोब्बर! मग मी क्वेरीत, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या हुकमात, सांगतो, ज्यांचा ठसा सारखा त्या सगळ्या नोंदी एकत्र कर. त्यातलं सगळ्यात लांब नाव ठेव, साच्याची जागा शेवटच्या नोंदीतली घे, बाकीचं पूस. एका झटक्यात काम."

"आणि दोन वेगळ्या माणसांचा ठसा सारखा निघाला तर?" बायकोनं विचारलं.

भाऊ हसले. शहाण्या माणसानं लहान मुलाला पाहून हसावं तसे. "अगं, आकाशातला तारा गळून नेमका आपल्या कुंडीत पडेल एक वेळ, पण ते नाही व्हायचं. ठसा सारखा म्हणजे माणूस एकच."

क्वेरी चालली. यादी निम्मी व्हायला हवी होती, ती निम्म्याहूनही थोडी कमी झाली. दुसरा कुणी असता तर त्यानं पुन्हा मोजून पाहिलं असतं. भाऊ म्हणाले, "बघा, खालचा कारकून किती घोळ घालून ठेवायचा! काही जणांना तीन-तीनदा लिहिलंय लेकाच्यानं." डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, आणि चाळणी हे नाव त्या दिवसापासून पक्कं झालं.

सोमवारी कवळी आली. भाऊंनी ती पेढ्यासारखी दोन्ही हातांनी पुढे केली. सासूबाईंनी आत जाऊन लावली आणि बाहेर आल्या. बायकोनं तोंडाला पदर लावला.

वरचे दात ओठांच्या बाहेर येऊन जगाकडे बघत होते. गाल दोन्ही बाजूंनी तंबूसारखे ताणले गेले होते. सासूबाई हसत नव्हत्या, तरी हसत होत्या.

"बोलून बघा ना, आई."

सासूबाईंनी घसा खाकरला, मान उंचावली. "सर्व प्रवाशांनी सावधानतेने..."

प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजली. खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

"सवय होईल," भाऊ घाईनं म्हणाले. "नवीन चप्पल नाही का लागत आधी?"

"चप्पल लागते तेव्हा शेजारचा कुत्रा नाही बोलत," बायको म्हणाली.

"अगं, साचा त्यांचाच आहे. ठसा जुळलाय! चुकायचा प्रश्नच येत नाही. महिनाभर दातांवाचून राहून आईंचं तोंडच आक्रसलं असेल."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं. आपल्या तोंडावर विश्वास ठेवावा की जावयाच्या ठशावर, याचा विचार करून त्यांनी ठशावर ठेवला. त्या बिचाऱ्या मंगळवारभर माईक म्हणून कंगवा धरून घोषणा करत राहिल्या, आणि कुत्रा उत्तरं देत राहिला. हिरड्या सोलवटल्या. पण चाचणी गुरुवारवर आली होती.

बुधवारी सकाळी दवाखान्याच्या काउंटरवर आरडाओरडा ऐकून भाऊ बाहेर आले. एक धिप्पाड गृहस्थ काउंटरवर दोन्ही तळवे टेकून उभे होते. जबडा असा रुंद की त्यात दोन माणसांचे दात मावावेत, पण आत एकही नव्हता. ते बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे.

"ही पोरगी म्हणते मी नाहीच!" ते भाऊंना म्हणाले. "मी नाही, तर मग तुमच्या काउंटरवर इतका वेळ कोण बोंबलतंय?"

"काका, मी एवढंच म्हटलं की तुमची नोंद दिसत नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"तेच ते! मोफत तपासणीच्या दिवशी याच खोलीत माझ्या तोंडात ते गार पीठ कोंबलंत. उलटी होता होता राहिली. आणि आता मी नाही? ट्रम्पेट काय हिरड्यांनी वाजवू? बँडमास्तर म्हणतो, दात येईपर्यंत खुळखुळा घे. या वयात खुळखुळा!"

भाऊंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि नाव टाकून शोधलं. नाही. फोन नंबर टाकला. नाही. खालच्या कारकुनाला विचारलं. त्याला लगेच आठवलं. "ते होय, मी लिहिलं होतं ना, 'काका, मोठं तोंड, फुंकणारे.'" तेही नाही. आता भाऊंच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायला लागल्या. जुन्या दोन्ही याद्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या, एवढी अक्कल शाबूत होती. त्या उघडल्या. वरच्या यादीत ट्रम्पेटवाले होते. खालच्याही यादीत होते. दोन ठिकाणी असलेला माणूस त्यांच्या चाळणीतून गेला आणि एकाही ठिकाणी उरला नाही.

साच्याची जागा पाहिली. मांडणी अकरा, डबा दोन.

मग 'मोठं तोंड' म्हणताच त्यांना सासूबाईंच्या गालांचा तंबू आठवला, आणि त्यांनी सासूबाईंची जुनी नोंद काढली. तारीख तीच, मोफत तपासणीची. मांडणी एक, डबा बारा.

बोटानं त्यांनी तळहातावर लिहून पाहिलं. एक, पुढे बारा. खाली अकरा, पुढे दोन. मग जोडून वाचलं. एकशे बारा. एकशे बारा.

भाऊंनी आपली क्वेरी उघडली. रकाने जोडताना त्यांनी मधे काहीच घातलं नव्हतं. ना रेघ, ना टिंब, ना साधी मोकळी जागा. गिरणीनं बिचारीनं काही चूक केली नव्हती. दोन वेगळे दाणे यांनीच एकसारखे करून टाकले होते. पीठ सारखंच पडणार. आणि क्वेरीनं सांगितल्याप्रमाणे लांब नाव ठेवलं, ते सासूबाईंचं. साच्याची जागा शेवटच्या नोंदीतली घेतली, ती ट्रम्पेटवाल्यांची.

"काय झालं?" ट्रम्पेटवाल्यांनी दारातून विचारलं. "मी सापडलो का?"

"सापडलात," भाऊ म्हणाले. "तुमचे दातसुद्धा तयार आहेत. फक्त... सध्या बाहेर गेलेत."

घरी जायला पाय उचलत नव्हता. पण दुपारी जाणं भाग होतं. सासूबाई कंगव्यापुढे उभ्या होत्या आणि खाली कुत्रा थकून नुसताच हुंकारत होता. भाऊंनी दारातच चपलेत उभं राहून सगळं सांगितलं. एक-बारा, अकरा-दोन, सगळं. काही लपवलं नाही.

सासूबाईंनी कंगवा खाली ठेवला.

"म्हणजे," सासूबाई शिट्टी वाजवत म्हणाल्या, "सोमवारपासून मी बँडवाल्याच्या तोंडानं बोलतेय?"

"त्याच्या मापाच्या, आई. दात तसे कोरे आहेत."

"जावईबापू, आयुष्यभर मी एक नंबर फलाट आणि अकरा नंबर फलाट यांत गोंधळ होऊ दिला नाही. दिवसाला शेकड्यांनी माणसं गेली असतील. फलाट आणि गाडीची वेळ यांच्या मधे श्वास घ्यायचे मी. नुसता श्वास! तुम्हाला तेवढाही घेता आला नाही?"

"माझे बाबा असते तर तुम्हाला उचलून एक नंबरच्या फलाटावर नेऊन बसवलं असतं," बायको म्हणाली. "गाडीत."

सासूबाईंनी कवळी काढली, वाटीत ठेवली आणि वाटी जावयापुढे सरकवली. दात निघताच गाल आत गेले आणि त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या. बोलल्या तेव्हा शब्द भिजलेल्या कागदासारखे निघाले. उद्या जायचं नाही, एवढं त्यातून कळलं. मग त्या खिडकीशी जाऊन बसल्या. पाण्याची घोषणा झाली नाही. भाऊ न सांगता आंघोळीला गेले, आणि गार पाण्याचे तांबे बराच वेळ अंगावर ओतत राहिले.

संध्याकाळी त्यांनी दवाखान्यात परत जाऊन क्वेरी दुरुस्त केली. दोन रकान्यांच्या मधे एक उभी दांडी. बस, एवढंच. ती चालवली तेव्हा यादी नेमकी निम्मी झाली, आणि त्या एका दांडीनं आणखी काही माणसं एकमेकांपासून सोडवली. भाऊंनी एकेकाला फोन लावला. एक आजोबा फोनवरच तडकले. "छे छे, मी नाही देणार परत! आयुष्यात पहिल्यांदा दात नीट बसलेत. ज्याचे असतील त्याला माझे द्या." कवळ्या बनवणाऱ्या कारागीरबाईंनी सासूबाईंचा खरा साचा उतरवून घेतला, पण त्या म्हणाल्या, "कितीही धावले तरी आठवडा लागेल. प्लास्टर काय तुमच्या क्वेरीसारखं झटक्यात वाळतं?"

ट्रम्पेटवाले आले. कवळी उकळत्या पाण्यातून काढून, घासूनपुसून त्यांच्या हाती दिली.

"नवीच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"जवळजवळ," भाऊ म्हणाले.

गुरुवारी सकाळी भाऊ खुर्ची ओढून सासूबाईंच्या समोर बसले.

"आई, चला. तुम्ही नाही गेलात तर यंत्र राहणारच आहे. गेलात तर फार तर काय होईल? यंत्रच राहील. फरक एवढाच की माझ्यामुळे गेला नाहीत असं होणार नाही."

सासूबाई उठल्या आणि निवृत्तीच्या दिवशी नेसलेली साडी काढली.

स्टँडवर स्थानकप्रमुख हसतमुख पुढे आले. तरुण होते. "या या बाई! प्रवास बरा झाला?"

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटून मान हलवली.

"आई आवाज राखून ठेवतायत," भाऊ म्हणाले.

"वा! जुन्या माणसांची ही शिस्त! चहा घेणार?"

मान आडवी.

"गरम चालत नाही घशाला," भाऊ म्हणाले. त्यांच्या पाठीवरून घामाची धार निघाली होती.

प्रमुखांनी बाईंच्या हाती गाड्यांचं वेळापत्रक दिलं आणि त्यांना माईकच्या काचेच्या खोलीत बसवलं. "मी बाहेर फलाटावर उभा राहून ऐकतो. प्रवासी ऐकतात तिथून," ते म्हणाले. भाऊही त्यांच्यामागे गेले. डोक्यावर खांबाला माईकचा कर्णा टांगला होता, जुनाट, एका बाजूनं चेपलेला, आत कुठल्याशा पाखरानं काड्या कोंबलेल्या.

कर्ण्यात खरखर झाली. मग आवाज आला.

भाऊंनी डोळे मिटले. मग एक उघडला. कर्णा वर चढत होता, खाली येत होता, घों घों करत होता. त्यात त, द, स, फ असलं काही नव्हतं. एक शब्द सुटा कळेल तर शपथ. पण तो आवाज भाऊंनी लग्नाआधी, बायकोला भेटायला याच फलाटावर ताटकळताना हजारदा ऐकला होता, आणि तो अगदी तसाच होता. तेव्हा तोंडात सगळे दात होते, आता एक नाही, आणि कर्ण्यातून पडणाऱ्या ठशात टिंबाचा फरक नव्हता.

बाकांवरची माणसं वर बघायला लागली. कुणीतरी पेपर खाली केला. टपरीवाला किटली हातात धरून बाहेर आला आणि ओरडला, "अरे, बाई आल्या!"

"तसूभर फरक नाही!" स्थानकप्रमुख भाऊंचा हात धरून हलवू लागले. "हाच आवाज! मी शाळेला जाताना ऐकायचो. यंत्र आजच उतरवतो मी. काय स्पष्ट उच्चार आहेत हो या वयात!"

भाऊंनी तोंड उघडलं. खरं म्हणजे त्यांना सांगायचं होतं की साहेब, हे स्पष्ट नाही, ही तर दोन वेगळ्या गोष्टींचा एकच ठसा पडण्याची केस आहे. मग काचेतून त्यांना सासूबाई दिसल्या. माईकवर वाकलेल्या, एक हात कानावर, दुसऱ्यानं हवेत गाड्या हाकत होत्या. त्यांनी जावयाकडे पाहिलं आणि भुवई अशी काही उचलली की भाऊंनी तोंड मिटून घेतलं.

शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि पिशवी शोधू लागले. भाऊंनी त्यांना पिशवी दिली आणि हळूच विचारलं, "काका, तुम्हाला कळलं काय म्हणाल्या ते?"

"छे!" म्हातारे म्हणाले. "कधीच नाही कळलं. पण बाई अशी दोनदा वर चढून एकदम खाली आली की पाच नंबर."

भाऊ त्यांच्या मागोमाग पाच नंबरपर्यंत गेले. गाडी तिथेच उभी होती.